पन्ह्यातलं पादेलोण

जानेवारी सरत आला की आमच्या दिंडोरी रस्त्याला एक वास सुटतो. आंबटगोड, ओला, थोडासा कुजका. रस काढून झालेल्या द्राक्षांचा चोथा ट्रॉलीत भरून खताला नेतात, आणि ट्रॉलीच्या फटीतून ठिबकणाऱ्या पाण्याची एक चिकट रेघ डांबरावर उमटत जाते. मधमाश्या त्या रेघेवर बसतात आणि गाड्यांखाली येऊन मरतात. मुंबईहून वाइन चाखायला आलेली मंडळी गाडीच्या काचा खाली करून म्हणतात, वा, काय हवा आहे इथली. मी स्कूटरवर त्यांच्या मागे असते. त्यांच्या टपावर हात मारून सांगावंसं वाटतं, की ही हवा नाही, चोथा आहे. सांगत नाही. सिग्नल सुटतो, ते तिकडे जातात आणि मी भाजी घ्यायला.

दरवर्षी वाटतं, यंदा हा वास आपल्याला इतका लागायचा नाही. सगळ्यांनी तसं सांगितलंही होतं. थोडे दिवस जाऊ देत, कमी होईल. कमी काही होत नाही. माझा नवरा विलास याच वासात तेवीस-चोवीस वर्षं राबला, घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला, केसांना, पाकिटातल्या नोटांनासुद्धा हा वास असायचा. तो गेला आणि वास मात्र दर वर्षी नेमाने येतो. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. राग येतो एवढं खरं.

विलास वाइन बनवायचा. म्हणजे कंपनीची वाइन बनवायचा. मालक दुसरे, द्राक्षं शेकडो शेतकऱ्यांची, नाव बाटलीवर तिसरंच, आणि नाक विलासचं. वणीच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. मी पंचवटीतली. माझे वडील रामकुंडावर यात्रेकरूंची धर्मकार्यं सांगायचे. आमची गाठ पडली ती बँकेच्या परीक्षेच्या क्लासमध्ये, जी परीक्षा आम्ही दोघंही नापास झालो. मी पुढे एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्राच्या ऑफिसात लागले आणि तो वाइनकडे गेला. लग्न झालं तेव्हा माझ्या माहेरी काय झालं असेल ते सांगायला नको. भटजीची मुलगी, मराठ्याच्या घरी, आणि जावई दारूच्या कारखान्यात. वडील वर्षभर बोलले नाहीत. आई बोलायची, पण विलासला ओटीवर चहा द्यायची आणि कप वेगळा विसळायची. तो दोनदा गेला आणि मग जाईनासा झाला. भांडला नाही. तुझी आई आहे, तू जा, म्हणाला.

मीही काही मोठी सुधारक नव्हते. नव्या घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी मी त्याला माझ्या अटी सांगितल्या. मटण-मासे बाहेर खा, माझी हरकत नाही. अंडं घरात शिजणार नाही. आणि बाटली स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "उंबरा तर फ्लॅटला नाहीच आहे, अंजू." मी म्हटलं, आहे असं समज. तो तसं समजला. शेवटपर्यंत समजला.

त्यामुळे आमच्या घरची वाइन मागच्या गॅलरीत राहायची. तिथे एक मोडका फ्रिज, दोन खुर्च्या, कढीपत्त्याची कुंडी. रविवारी मी आत काही तळत असले की तो गॅलरीतून हाक मारायचा, काय आहे. कोथिंबीर वडी, म्हटलं की लगेच फ्रिज उघडल्याचा आवाज. "याला सोव्हिन्यों. डोळे मिटून सोव्हिन्यों. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि तिचा हिरवा वास, दोघी बहिणी." बटाटेवड्याला बुडबुड्यांची. मिसळ आणली तर थोडी गोडसर रिझलिंग, कारण तिखटाला गोड धरून ठेवतं, आंबट नाही. गोड्या मसाल्याची आमटी केली तर व्हिऑन्ये, तिला फुलांचा आणि जर्दाळूचा वास असतो, ती दगडफुलाशी भांडत नाही. हे सगळं तो आमच्या घरच्या वाटीत वाइन ओतून, वडीचा तुकडा मोडून, मला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा. एका एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर त्याने शेनिन काढली आणि ही जोडी जगात कोणाला सुचली नसेल म्हणून खूश झाला. मी म्हटलं, सुचली असेल, पण लाज वाटून कोणी बोललं नसेल. मी स्वतः एक थेंब कधी घेतला नाही. त्याने आग्रहही केला नाही. फक्त पदार्थात काय काय घातलंय ते विचारत राहायचा. खोबरं भाजलंस का, कच्चं घातलंस, लिंबू शेवटी पिळलंस की आधी.

पांढरी वाइन कशी करतात हे त्याने मला एकदा माझ्या भाषेत समजावलं होतं. म्हणाला, तुमच्याकडे सोवळ्यातला स्वयंपाक असतो ना, तसंच. लाल वाइनचं काय, साल, बिया, सगळं एकत्र आंबू दे, चार हात लागू देत, चालतं. पांढरीला काही म्हणजे काही लागलेलं चालत नाही. द्राक्षं पहाटे काढायची, उन्हाने तापायच्या आत. तशीच गार असताना देठ वेगळे करायचे, हलक्या हाताने पिळायची, साल लगेच बाजूला. रस गार टाकीत रात्रभर निवू द्यायचा, गाळ खाली बसला की वरचा निवळ तेवढा घ्यायचा. मग त्यात यीस्ट घालायचं आणि ते यीस्ट रसातली साखर हळूहळू खात जाईल अशी थंडी टाकीला द्यायची. गरम झालं की घाई होते आणि घाई झाली की वास उडून जातो. हवा लागली की सफरचंदाच्या फोडीसारखं काळं पडतं. भांडं घासलेलं, हात धुतलेले, नळी उकळलेली. "तुझ्या आईला कंपनीत घेतलं असतं ना," म्हणाला, "तर आमची एकही टाकी नासली नसती." आई तेव्हा होती. मी हे तिला सांगितलं नाही.

ज्या हंगामाची ही गोष्ट आहे तो तीन वर्षांपूर्वीचा. त्याच्या आदल्या दिवाळीत विलासच्या घशात गाठ निघाली. नातेवाइकांनी लगेच एकमेकांकडे पाहिलं, दारूच्या धंद्यातला माणूस, दुसरं काय होणार. त्यांना कोण सांगणार, की वाइन करणारा माणूस दिवसभर घोट घेतो आणि थुंकतो. तेवीस वर्षांत त्याने गिळली असेल त्याहून जास्त वाइन आमच्या इमारतीतल्या गृहस्थांनी एका वर्षात गिळली असेल. पण मी कोणाकोणाचं तोंड धरणार होते.

शेक दिले, औषधं चढवली. गाठ विरघळली, असं डॉक्टर म्हणाले. पण जाताना ती विलासची चव घेऊन गेली आणि मागोमाग वासही गेला. एका सकाळी मी खोबरेल तेलाची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली. तो म्हणाला, पाणी आहे का. मग मी हिंगाची डबी आणली. मग उदबत्ती. तो प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचा, मीच काहीतरी सांगेन म्हणून. मी आत गेले आणि नळ सोडून रडले. रडण्याचा आवाज लपवता येतो, पण त्याला वास येत नाही हे कसं लपवणार. कंपनीपासून काही दिवस लपवलं, एवढंच.

आणि नेमकं त्याच वर्षी त्याला त्याची टाकी मिळाली होती. हे समजून घ्यायला हवं. गावाकडच्या वाट्याच्या जमिनीत विलासने स्वतः सोव्हिन्योंची द्राक्षं लावली होती. वेली लावल्या, मांडव उभारला, छाटण्या केल्या, सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथे घातला. पण माल कंपनीत गेला की शंभर शेतकऱ्यांच्या मालात मिसळायचा. तो किती वर्षं मालकांच्या मागे होता, एकदा फक्त माझ्या मळ्याचा माल वेगळ्या टाकीत करू द्या, वेगळी बाटली भरू द्या. थोडीच भरेल, पण ती बाटली उघडली की आमच्या मातीचा वास आला पाहिजे. त्या हंगामात मालक हो म्हणाले. आजारी माणसाला नाही म्हणता आलं नसेल. कारण काही असो, टाकी मिळाली. एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा त्याला आल्याचा चहा आणि गरम पाणी यांतला फरक कळत नव्हता.

तेव्हा तो मला म्हणाला, "अंजू, तुझं नाक दे."

मी चिडले. म्हटलं, कंपनीत इतकी माणसं आहेत. तो म्हणाला, त्यांचं नाक त्यांच्या डोक्याने चालतं, त्यांना मी काय ऐकायला उत्सुक आहे ते माहीत असतं. लॅबवाले साखर मोजतात, आंबटपणा मोजतात, वास मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. तुला यातलं काही माहीत नाही आणि तुझं नाक तीक्ष्ण आहे. शेजारी दूध उतू गेलं तर तुला इथे कळतं. मग म्हणाला, "आचमनाला घेतेस ना, तेवढंच घे. गिळू नकोस."

विलासच्या हाताखाली सोमनाथ नावाचा ऑपरेटर होता, पन्नाशीतला, पाइप ओढण्यात आणि टाक्या धुण्यात आयुष्य गेलेला. तो सकाळी पाळी संपवून घरी जाताना टाकीतला नमुना पाण्याच्या बाटलीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्याकडे आणून द्यायचा. "वहिनी, सायबाचा परसाद," म्हणायचा. सोमनाथच्या तोंडात कायम तंबाखू. त्याला टाकीचा वास येण्यापेक्षा टाकीलाच त्याचा वास येत असेल. नाहीतर त्याला विचारलं असतं.

गॅलरीत विलास शाल गुंडाळून बसायचा. मी स्टीलच्या वाटीत थोडं ओतायचे, चमच्याने तोंडात घ्यायचे, घोळवायचे, कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकायचे. पहिल्या दिवशी मला सगळीच दारू वाटली.

"काय येतंय?"

"आंबलेल्या इडलीच्या पिठाचा."

"ते यीस्ट. त्याच्या मागं बघ."

"वासाच्या मागं काय असतं?"

"असतं. डोळे मीट. घाई करू नको."

मी डोळे मिटले आणि खरंच त्या पिठाच्या मागे काहीतरी हिरवं होतं. मला शब्द सापडेना. मग एकदम सापडला. हिरव्या मिरचीचं देठ मोडताना येतो तो. तिखटाचा नाही, देठाचा. विलासने खुर्चीच्या हातावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी पेरूचं पान. मग कापलेला दुधी. मग तुळशीच्या मंजिऱ्या हातावर चोळल्यावर येतो तो. प्रत्येक शब्दाला तो मान हलवायचा, कधी थांबवून विचारायचा, पेरूचं पान म्हणजे कोवळं की जून. त्यावरून तो फोन लावायचा आणि पलीकडे सांगायचा, थंडी एका डिग्रीने वाढवा, किंवा, हात लावू नका, छान चाललंय. मी काय म्हणते यावर एक अख्खी टाकी चालली होती. मला त्याची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर सुखही वाटायचं. इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

दुपारी मात्र वेगळा प्रकार. त्याला घास जात नव्हता. मी मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, ताकातली कढी केली, रताळ्याची खीर केली. तो दोन चमचे घ्यायचा आणि म्हणायचा, बरं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर विचारलं, खोबरं भाजलंस की कच्चं घातलंस, तो आता माझ्या कढीला बरं आहे म्हणत होता. मी त्याची कोथिंबीर वडीसुद्धा वाफवून, कुसकरून दिली. म्हटलं, सोव्हिन्यों देऊ का बरोबर. तो नुसता हसला. मी पातेलं परत झाकून ठेवायचे.

आंबवण आठवडाभर चाललं असेल तेव्हाची सकाळ. मी घोट घेतला आणि मला एकदम माझं माहेर आठवलं. चैत्रातली दुपार, माठाजवळची ओली फरशी, आईच्या हातातला पितळी पेला.

"पन्हं," मी म्हटलं. "अगदी माझ्या आईच्या हातचं पन्हं."

विलास उठून बसला. "कैरी?"

"हो. आईच्या पन्ह्यासारखंच. तसंच नाकात जातंय."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सोव्हिन्योंमध्ये कैरी येणं म्हणजे काय, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. आपल्या उन्हात ती सहसा येत नाही. ऊन ती खाऊन टाकतं. त्यासाठीच त्याने मळ्याची उतरती बाजू निवडली होती, त्यासाठीच पानं राखली होती, त्यासाठीच अंधार असताना काढणी केली होती. "कैरी आली," तो सोमनाथला फोनवर सांगत होता. "वहिनीने ओळखली. कशालाही हात लावू नका." पुढे सहा-सात दिवस मी रोज तेच सांगत राहिले, पन्हं, आज आणखी जास्त, आणि तो रोज तेच, हात लावू नका. त्या दिवसांत त्याने अर्धी वाटी भात खाल्ला. मला वाटलं, आता हा वाचतो.

मग एका दुपारी कंपनीतून फोन आला. मालकांनी बाहेरून एक सल्लागार बोलावले होते, सगळ्या टाक्या तपासायला. त्यांनी विलासच्या टाकीचा वास घेतला आणि म्हणाले, ही टाकी गेली. सडक्या अंड्याचा वास येतोय, आठवडाभर तरी येत असणार, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. विलासने स्पीकर लावला होता, त्यामुळे मी ऐकत होते. तो म्हणाला, शक्यच नाही, माझी बायको रोज चाखतेय. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला.

"अंड्यासारखं काही येत होतं?"

मी काय सांगणार होते. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी अंडं हातात धरलं नव्हतं. गाड्यावर आमलेट होत असेल तर मी रस्ता बदलते. म्हटलं, अंड्याचा वास कसा असतो मला माहीत नाही. पन्ह्याचा होता तेवढं माहीत आहे.

मग त्याने हळू विचारलं, "तुझी आई पन्ह्यात काय काय घालायची?"

"कैरी, गूळ, वेलची. आणि पादेलोण."

"पादेलोण?"

"चांगलं चिमूटभर. उन्हाचं पोटाला बरं म्हणून. त्याशिवाय आईचं पन्हं कसलं."

विलासच्या घरी पन्ह्यात पादेलोण घालत नाहीत. गूळ, वेलची, संपलं. आणि माझ्या आईच्या हातचं पन्हं त्याने कधी प्यायलंच नव्हतं. त्याला तिथे चहा मिळायचा, ओटीवर, वेगळ्या कपात. तो म्हणाला, "देवघरातली तांब्याची पळी आण."

"नाही" अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. देवाची पळी दारूत बुडवायची. पण त्याचा चेहरा बघून मी गेले आणि घेऊन आले. त्याने सांगितलं तसं त्या दिवशीचा नमुना दोन वाट्यांत ओतला, एका वाटीत पळी घालून ढवळत राहिले. मग म्हणाला, आता दोन्हींचा वास घे. पहिल्या वाटीत पन्हं होतं. पळी फिरवलेल्या वाटीत पन्हं नव्हतं. पादेलोण तर गेलंच होतं, पण कैरीही गेली होती, पेरूचं पानही, देठही. नुसतं आंबट पाणी.

"तांबं तो वास खातं," तो म्हणाला. "आणि सोव्हिन्योंचा चांगला वासही त्याच जातीचा असतो. दोन्ही खातं."

त्याने मग मला समजावलं, अगदी शांतपणे, जसं सोवळ्यातल्या स्वयंपाकाचं समजावलं होतं तसं. यीस्टला रसात पुरेसं खायला मिळालं नाही की ते हा वास सोडायला लागतं. पादेलोणात आणि सडक्या अंड्यात वास तोच. पहिल्या दिवशी कळलं असतं तर यीस्टला त्याचं खाद्य थोडं घालायचं, जरा हवा दाखवायची, दोन दिवसांत सगळं जागेवर येतं. शिकाऊ पोरालाही येतं. आता वास मुरला. आता तांब्याचं औषध घालून तो काढावा लागणार आणि त्याबरोबर जे होतं तेही जाणार. खाली साध्या पांढऱ्याच्या मोठ्या टाकीत ओतून टाकतील. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की तिकडे टाकीत यीस्ट उपाशी होतं आणि इकडे घरात हा. दोघांनाही मी रोज बघत होते.

मी रडत होते तेव्हा त्याने माझा हात धरला. "तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर सांगत होतीस. मी कैरी ऐकली, कारण मला कैरी ऐकायची होती."

हे तो माझ्या समाधानासाठी म्हणाला की खरंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथ बाटलीशिवाय आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, सायबाला सांगा, टाकी म्या सोताच्या हातानं धुतली. लय चांगली धुतली." विलास आतून ऐकत होता. त्याने कूस भिंतीकडे वळवली. त्यानंतर वाइन हा शब्द त्याने काढला नाही. गाठ परत आली होती, पण ते नंतर कळलं. श्रावणात तो गेला.

त्याची वाइन कुठे गेली, मी कधीकधी विचार करते. साध्या पांढऱ्याच्या हजारो बाटल्यांत ती वाटली गेली. कोणीतरी एखाद्या हॉटेलात पनीर चिलीबरोबर प्यायलं असेल, बर्फ घालून. वेली दिराने उपटल्या, तिथे आता टोमॅटो आहे. टोमॅटोचंही बरं चाललंय म्हणतात. मला त्याचा राग नाही, माणसाने जगायचं तर काहीतरी लावायलाच हवं. लोक मला म्हणतात, तो त्याच्या कामातून उरला आहे. कुठे उरला आहे ते मला दाखवा. पांढरी वाइन तर ठेवूनही टिकत नाही. दोन-तीन वर्षांत पिवळी पडते, तिच्यातला वास मरतो. आज एक बाटली भरलेली असती, तरी ती या हंगामापर्यंत संपली असती, हे मी स्वतःला बजावते. उपयोग होत नाही. ती भरलेली असती आणि मग मेली असती, तर ते वेगळं मरण असतं.

उरलंय ते माझं नाक. त्याने ते शिकवून तयार केलं आणि निघून गेला. आता ते बंद होत नाही. ऑफिसच्या बसमध्ये कोणी पेरू खाल्ला ते मला कळतं, राखेच्या वासात कोळसा ओला आहे की कोरडा ते कळतं, शेजारणीने आमटीत दगडफूल जास्त घातलं ते कळतं. वासाच्या मागचा वास येतो, त्याच्याही मागचा येतो. कोणाला सांगायचा. मुलीला पुण्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणते, आई, तू जेवलीस का.

या हंगामात, परवा, चोथ्याची ट्रॉली पुढून गेली आणि मी घरी न जाता कोपऱ्यावरच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली. दुकानदार मला वीस वर्षं ओळखतो. मी म्हटलं, एक अंडं द्या. तो बघत राहिला. "एकच, ताई? केकला का?" मी हो म्हटलं. त्याने ते कागदात गुंडाळून दिलं. मी ते डिकीत ठेवलं नाही, फुटेल म्हणून एका हातात धरून स्कूटर ढकलत घरी आले. इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मी जुनं पातेलं काढलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. किती वेळ उकडायचं ते माहीत नव्हतं. फार उकडलं. पाणी आटत आलं तेव्हा उतरवलं, गार पाण्याखाली धरलं, कसंबसं सोललं, पांढरं बोटांना चिकटलं. सुरीने मधोमध कापलं. पिवळ्याच्या कडेला हिरवट काळी रेघ होती. मी डोळे मिटले आणि नाक जवळ नेलं, घाई न करता, त्याने शिकवलं होतं तसं.

चैत्र, माठ, ओली फरशी, आईच्या हातातला पितळी पेला. तेच. अगदी तेच.

मी गॅलरीच्या दारापर्यंत गेले. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली आहे, मीच ठेवली आहे. मी मोठ्याने, रविवारी आतून त्याच्या हाकेला ओ द्यायचे तशा आवाजात, सांगितलं, "विलास, अंड्याचा वास येतोय. आजच खाद्य घालायला सांग."